मेमरी गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

आपल्या अंकाच्या मराठी पानावर बहुतेक वेळा सहलीचं वर्णन, कविता किंवा एखाद्या किल्ल्याची माहिती असते. या वेळी संगणकाच्या सरांनी मला बोलावून सांगितलं, "आयटी विषय घेतलेल्या मुलांना शब्द पाठ असतात, पण समोर यंत्र बंद पडलं की त्यातला एकही कामाला येत नाही. सुट्टीत तू जे केलंस ते लिहून दे." सुट्टीत मी जे केलं त्यातलं निम्मं चुकलं होतं. तेही लिहितो, कारण मला जे काही कळलं ते त्या चुकलेल्या अर्ध्यातूनच कळलं.

आमचं घर रायपूरला. छत्तीसगढमध्ये मराठी माणसं कशी, असं मला दर वर्षी नवीन कॅडेट विचारतात. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे होता आणि पुढेही बराच काळ रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे तिथे मराठी घरं बरीच आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. माझ्या काकांचं दुकान गोल बाजारात आहे. पूजेचं आणि लग्नाचं सामान. मालवीय रोडकडून आत शिरलं की गर्दीत तुम्ही चालत नाही, गर्दीच तुम्हाला चालवते. हळदकुंकू, कापूर, नाडा, मुंडावळ्या, गुलाल, सगळं सुटं आणि पोत्यांनी. हे सामान लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

गोष्ट २०२५ च्या वसुबारसेची, म्हणजे १७ ऑक्टोबरची. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. काकांनी बिलाचा संगणक सुरू केला तर आतला पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. आतून लांब बीप, थोडं थांबून पुन्हा लांब बीप. काका मला म्हणाले, "तू शिकून राहिला ना हे? बघ मग."

बीप म्हणजे रॅमची तक्रार असू शकते एवढं मला वर्गात शिकलेलं आठवत होतं. मी रुबाबात सांगितलं, "काका, मेमरी गेली." काकांनी लगेच त्यांच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो दुसऱ्या दुकानात अडकलेला होता. तिकडून उत्तर आलं की मेमरी गेली असेल तर नवी टाकावी लागेल, जुना डेटा मिळेलच असं नाही, सीपीयू पाठवून द्या. काका "बरं" म्हणाले. दुकानातला मुलगा वायरी काढायलाही लागला. मग काका एकदम थांबले आणि मला विचारलं, "मंग माझी उधारी? ती पण मेमरीतच आहे ना रे?"

सहा वर्षांची उधारी. कोणत्या लग्नाचं किती आलं, किती राहिलं, सगळं त्या एका यंत्रात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी लोक हिशोब चुकते करतात, म्हणजे ती यादी लागणार होती ती त्याच तीन दिवसांत. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी तोंड उघडलं, पण उत्तर देता आलं नाही. आपण "मेमरी" हा शब्द बोललो तेव्हा आपल्या मनात एक वस्तू होती, दुरुस्तीवाल्याने ऐकली दुसरी, आणि काकांनी तर अख्खी उधारी ऐकली, हे मला तेव्हा कळलं.

आता ते नीट समजून घेऊ. संगणकात माहिती राहण्याच्या दोन जागा असतात आणि बोलताना आपण दोन्हींना मेमरी म्हणतो. एक रॅम. दुसरी साठवण, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. काकांच्या दुकानाला माळा आहे. सगळा माल माळ्यावर असतो. गिऱ्हाईक आलं की लागेल तेवढाच माल खाली काउंटरवर येतो, तिथे दाखवणं, मोजणं, बांधणं होतं, आणि रात्री काउंटर रिकामं करतात. रॅम म्हणजे काउंटर. वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं, तिची रचनाच तशी आहे. डिस्क म्हणजे माळा. वीज असो नसो, तिथलं तिथेच राहतं. काउंटर मोडलं म्हणून माळ्यावरचा माल जळत नाही. काकांच्या यंत्रात रॅम ४ जीबी होती आणि डिस्क ५०० जीबी. आकडा ऐकूनही फरक कळतो: चार, आठ, सोळा जीबी म्हटलं तर बहुधा रॅम, शेकड्यांत किंवा टीबीत म्हटलं तर साठवण.

(५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारा १००० चा हिशोब धरतो आणि विंडोज १०२४ चा, एवढंच. आमच्या हाऊसमध्ये यावरून एकदा मोठा वाद झाला होता.)

तसाच घोटाळा "सीपीयू" शब्दाचा. बाजारात अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तळहातावर मावणारी एक चौकोनी चीप. ती मदरबोर्डवर बसते आणि तिच्या डोक्यावर पंखा असतो. डबा म्हणजे कॅबिनेट. डब्यात या चिपेशिवाय मदरबोर्ड असतो, रॅमच्या पट्ट्या असतात, डिस्क असते, आणि कोपऱ्यात एसएमपीएस असतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत वाटणारा तो डबा. एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. "सीपीयू पाठवा" असं कोणी सांगितलं की त्याला डबा हवा आहे की चीप, हे एकदा विचारून घ्यावं.

पुन्हा दुकानात येऊ. मी मुलाला हात दाखवून थांबवलं आणि पायरीवर बसून विचार केला. आपल्याकडे सकाळी फॉल-इन होतो तेव्हा आधी हजेरी होते, मग रिपोर्ट, आणि मगच परेड सुरू. संगणकाचंही तसंच. बटण दाबलं की एसएमपीएस वीज देतो, प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका चिपेत लिहिलेला छोटा प्रोग्राम चालू होतो. जुन्या यंत्रात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो पहिल्यांदा हजेरी घेतो: रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, पडद्याला चित्र पाठवणारा भाग आहे का. या हजेरीचं नाव पोस्ट. हजेरी पुरी झाली की तो डिस्ककडे वळतो, तिथून ऑपरेटिंग सिस्टिम उचलून रॅममध्ये आणतो. याला बूट होणं म्हणतात. पोस्टमध्ये कोणी गैरहजर निघालं आणि पडद्यावर लिहिताही येत नसेल, तर तो बीप वाजवतो. कोणती बीप कशाची, हे बायोस बनवणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतं, म्हणून मदरबोर्डचं पुस्तक पाहावं.

म्हणजे आमचं यंत्र हजेरीलाच अडलं होतं. डिस्कपर्यंत ते पोचलेलंच नव्हतं. मग डिस्क गेली हे कोणाला कुठून कळणार? हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तसाच डबा उघडायला निघालो. काकांनी हात धरला: "आधी प्लग काढ बापा." बरोबर होतं. प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतसुद्धा नाही, पण रॅमला ती पुरते.

झाकण काढलं आणि आत पाहिलं तर गुलाबी थर. गुलाल, हळद, कुंकू, बुक्का, सहा वर्षांचा. पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि दुकानातली हवाच तशी. मी रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर सारून पट्टी काढली. ती डीडीआर ३ जातीची होती, तिला २४० पिना असतात. डीडीआर ४ ला २८८ असतात आणि खालची खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एकीच्या जागेत दुसरी बसत नाही आणि जोर लावून बसवूही नये. सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, रबराचा चुरा बाहेरच झटकला, खाचेतली धूळ कोरड्या ब्रशने काढली. पट्टी सरळ बसवून दोन्ही कडा दाबल्या, खट् खट् आवाज आला. प्लग लावला. एकच छोटी बीप, आणि पडदा उजळला. नवीन काहीच विकत आणावं लागलं नाही.

तिथे मी थांबलो असतो तर लेख इथेच संपला असता. पहिलं काम मात्र मी त्या दिवशी बरोबर केलं: दुसरं काहीही न करता उधारीचं फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि एक आजीजवळ घरी पाठवला. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या वस्तूंवर, एक दुसऱ्या जागी. असा नियम आम्हाला शिकवला होता. वर्गात तो मला कंटाळवाणा वाटला होता.

मग काकांनी बिल काढलं. तारीख आली १ जानेवारी २०१२. जीएसटीची वेबसाइट उघडायला गेलो तर ब्राउझर म्हणाला, कनेक्शन सुरक्षित नाही. दुसरी साइट, तेच. काका म्हणाले, "रॅम लावता लावता नेट तोडलं का तू?" खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. प्लग काढलेला असताना यंत्राचं घड्याळ याच सेलवर चालतं. काकांच्या यंत्रातला सेल कधीच संपला होता, पण प्लग कधी निघत नसल्याने ते कळलं नव्हतं. मी प्लग काढला आणि घड्याळ मूळ तारखेवर गेलं. आता नेटचा याच्याशी काय संबंध? सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. २०२५ मध्ये दिलेलं प्रमाणपत्र २०१२ सालच्या घड्याळाला कसं खरं वाटणार? नेट अगदी व्यवस्थित होतं. तारीख दुरुस्त केली आणि सगळं उघडलं. विंडोज इंटरनेटवरून वेळ आपणहून लावून घेतं, पण घड्याळ इतकं मागे गेलं असेल तर लावेलच असं नाही. सेल घड्याळाच्या दुकानातून आणला.

तिसरी भानगड सगळ्यांत लाजिरवाणी. दुकानात मागे दुसरं काउंटर आहे, तिथे एक संगणक आणि एक प्रिंटर. दुपारी तिथून ओरड आली, "नेट गेलं, प्रिंटही निघत नाही."

यासाठी आधी नेटवर्कचे शब्द लागतील. एका इमारतीतली यंत्रं वायरने किंवा वायफायने जोडली की झालं लॅन. वायर जिथे एकत्र येतात तो डबा म्हणजे स्विच. तुमचं लॅन आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधला डबा म्हणजे राउटर. वायफाय हे इंटरनेटचं दुसरं नाव नाही. वायफाय म्हणजे फक्त राउटरपर्यंतची बिनतारी वाट. पुढची वाट बंद असली तरी वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, आणि लोक फोन हलवत बसतात.

प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक मॅक पत्ता, नेटवर्कच्या भागावर कारखान्यातच दिलेला, ४८ बिटांचा. हा आपल्या शाळेच्या नंबरासारखा, आलो तेव्हा मिळाला तो जाईपर्यंत तोच. दुसरी आयपी पत्ता. हा डॉर्मिटरीतल्या पलंगाच्या नंबरासारखा, कुठे राहता त्यावर ठरतो आणि बदलतो. आयपीचे चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. असे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात आणि जगाला ते पुरत नाहीत, म्हणून १२८ बिटांची आयपी आवृत्ती ६ आली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापराचे असतात. तुमच्या घरी आणि माझ्या घरी एकच पत्ता असू शकतो, जसा दोन्ही हाऊसमध्ये पलंग क्रमांक ५ असतो.

पलंग वाटून देणारा तो डीएचसीपी. लहान दुकानात हे काम राउटरच करतो. बाहेर जायची फाटकाची चौकी म्हणजे गेटवे, तीही राउटरच. आणि नाव सांगितलं की त्याचा आकडा शोधून देणारा डीएनएस. आपण वेबसाइटचं नाव लिहितो, यंत्राला आकडा लागतो. डीएनएस बंद पडला तर रस्ता चालू असतो, फक्त पत्ता विचारायला कोणी नसतं.

मी मागच्या संगणकावर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग लिहिलं. पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा. हे आकडे पाठ करून ठेवा. याचा अर्थ, यंत्राने डीएचसीपीला हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून ते आपल्याच मनाने एक पत्ता घेऊन बसलं. रात्री उशिरा आलेला कॅडेट पलंग न मिळाल्याने व्हरांड्यात झोपतो तसं. बाकीच्यांना तो सापडत नाही, प्रिंटरलाही नाही.

मग पिंग. पिंग म्हणजे "आहेस का?" अशी हाक, आणि पलीकडून "आहे" असं उत्तर. हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. ते अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते, आणि नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून ठेवलं. आपल्या मासिकात हे यायलाच हवं. हाक जवळून लांब मारत जायची: आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःलाच, मग राउटर, मग बाहेरचा एखादा आकडा, ८.८.८.८ सारखा, शेवटी नावाने. उत्तर जिथे थांबेल, बिघाड त्याच्या अलीकडच्या टप्प्यात. मागच्या यंत्राने स्वतःला उत्तर दिलं, राउटरला हाक पोचली नाही. पुढच्या काउंटरवर मात्र नेट छान चालू. म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन करायचं कारणच नव्हतं, बिघाड या दोन काउंटरांच्या मध्ये होता.

मध्ये काय आहे? वायर राउटरपासून माळ्यावर जाते, तिथे एक स्विच, तिथून खाली मागच्या काउंटरखाली दुसरा स्विच. खालच्याचे दिवे लुकलुकत होते. मी माळ्यावरच्या मुलाला ओरडून विचारलं, "स्विच चालू आहे का बघ!" त्याने बघितलं आणि सांगितलं, "चालू है भैया."

पुढचा पाऊण तास मी केबल काढत-लावत होतो. आरजे-४५ ची खिट्टी तुटली का, आतल्या आठ तारांतली एखादी सुटली का, सगळं तपासलं. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर असते हे आठवून मी मनातल्या मनात दुकानाची लांबीसुद्धा मोजली. ती पंधरा मीटरही नाही.

शेवटी मी स्वतः वर चढलो. विजेच्या बोर्डाचं बटण चालू होतं. त्याचा लाल दिवाही लागलेला होता. पण त्यात प्लग होता दिवाळीच्या माळेचा. नेटवर्कच्या स्विचचा प्लग काढून बाजूला ठेवलेला. मुलगा खोटं बोलला नव्हता. रायपुरात स्विच म्हणजे विजेचं बटण, आणि ते चालूच होतं. मी "दिवे असलेला तो छोटा डबा" म्हटलं असतं तर पाऊण तास वाचला असता. माळ दुसऱ्या बोर्डावर लावली, स्विचला वीज दिली, मिनिटभरात मागच्या यंत्राला १९२.१६८.१.७ मिळालं आणि अडकलेली नऊ बिलं एका दमात बाहेर आली.

कवायतीच्या मैदानावर "दाहिने मुड" चा एकच अर्थ असतो. वायरलेसवर अक्षरसुद्धा अल्फा, ब्राव्हो असं सांगतात, कारण ऐकताना एक अक्षर दुसऱ्यासारखं वाटतं. संगणकाच्या कामात आपण तेवढी काळजी घेत नाही. मेमरी, सीपीयू, स्विच हे तीन तर माझ्या एका दिवसातले. "ड्रायव्हर" म्हटलं की आजीला गाडीचा चालक आठवतो. संगणकात ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर किंवा कार्ड कसं चालवायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमला शिकवणारा छोटा प्रोग्राम. "डेटा संपला" म्हणजे फोनचा पॅक संपला, आणि "डेटा गेला" म्हणजे फाइली गेल्या.

यावरून एक रायपूरकर सांगावासा वाटतो. माधवराव सप्रे. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' मासिक काढलं. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विज्ञानाच्या हिंदी शब्दांचा कोश करायला घेतला तेव्हा अर्थशास्त्राचे शब्द सप्र्यांनी जमवले, हे मला याच सुट्टीत घरी कळलं. तो कोश १९०६ मध्ये छापून निघाला. एका वस्तूला एक शब्द, हे काम कोणीतरी बसून करावं लागतं, असं मला त्याआधी कधी वाटलंच नव्हतं.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल थोडक्यात, कारण ती पुस्तकात चांगली दिलेली आहे. बिलाचा प्रोग्राम थेट डिस्कला किंवा प्रिंटरला हात लावत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो आणि ती करून घेते. कोणाला किती रॅम, कोणाची पाळी आधी, कोणती फाइल कोण उघडू शकतो, हे सगळं तिच्याकडे. विंडोज, लिनक्स, मॅकओएस या त्यातल्या काही. फोनमधल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. आपल्या देशातल्या सी-डॅक संस्थेने लिनक्सवरच बॉस नावाची सिस्टिम केली, तिच्यात मराठीसकट भारतीय भाषा चालतात.

भाषेवरून आठवलं. काकांच्या यंत्रातली मालाची एक जुनी यादी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. मी ती खराब झाली समजून पुसणारच होतो. ती कृतिदेव फॉन्टमध्ये होती. त्या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नाही तर रूप नाही. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, म्हणून ती कुठेही वाचता येते. अशी फाइल दिसली तर आधी फॉन्ट विचारा.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. काकांच्या यंत्रात विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने त्याची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली, आमच्या या प्रकाराच्या तीनच दिवस आधी. यंत्र त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्या सापडलेल्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून एक वर्षाची वाढीव मुदत मिळते. विंडोज ११ टाकायला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप लागते, ती या जुन्या यंत्रात नाही. लिनक्स चालेल, पण बिलाचा प्रोग्राम त्यावर चालत नाही. नवं यंत्र घ्यावं असं माझं मत. काकांचं मत, लग्नसराई होऊ दे.

शाळेत परत येताना मी काउंटरजवळ एक कागद चिकटवून आलो. फोन करण्याआधी काय सांगायचं ते त्यावर आहे: कोणतं यंत्र, पडद्यावर काय लिहून आलं ते जसंच्या तसं, कधीपासून, आणि बिघडण्याच्या आधी दुकानात काय बदललं. शेवटच्या ओळीखाली मी रेघ मारली आहे. गुलाल, प्लग आणि माळ, तिन्ही वेळा उत्तर त्याच ओळीत होतं.

मागच्या रविवारी घरच्या फोनची वेळ होती. काका म्हणाले, "मागच्या काउंटरच्या पीसीला राउटर पिंग होऊन राहिला, आठ-आठही होऊन राहिला, पण नावानं काही उघडत नाही. माळेचा प्लग मी आधीच पाहिला." मी म्हटलं, "काका, डीएनएस बघा, पत्ता लिहायचा तो असा..." आणि तेवढ्यात माझ्या मागच्या कॅडेटने पाठीत ढोसलं, माझी पाच मिनिटं संपली होती. आकडा मी ओरडून सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.